मालिकेतल्या सुनेचा मुराळी

आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही लागतो, तेव्हा उमरीला आईच्या घरीही तीच मालिका लागलेली असते. मुरुडहून उमरी म्हणजे एसटीचा अख्खा दिवस. आधी लातूर, मग अहमदपूरवरून नांदेड, नांदेडात पुन्हा गाडी बदलायची. मालिका मात्र दोन्ही घरांत एकदमच सुरू होते. जाहिराती लागल्या की मला वाटतं, आता आईसुद्धा चहा टाकायला उठली असेल.

माझी शाळा आठवीतच सुटली. पुढं लग्न होऊन मी इथं आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत, ताटात त्यांनी कधी दुजाभाव केला नाही. हे सगळ्या पोरींच्या वाट्याला येत नाही, हे मला माहीत आहे. तरी माझा जीव सदा टांगणीला. आपण काही मागितलं तर हे चांगलं चाललेलं मोडेल, अशी एक भीती मी माहेराहून बांधूनच आणली होती.

त्या मालिकेत एक मोठी सून होती. गरिबाघरची, सगळ्यांचं करणारी, तोंडातून शब्द न काढणारी. आईला ती पोटच्या लेकीसारखी. फोनवर "जेवलीस का?" एवढं विचारलं की आई सरळ तिच्यावरच यायची. "आज लई रडली गं ती. माझ्या तर घास घशाखाली उतरला न्हाई."

आत्याबाईंना तिचा राग यायचा. डाळ निवडता निवडता त्या टीव्हीलाच झापायच्या, "तोंड हाय का न्हाई हिला? सरळ सांगावं, मला हे पटत न्हाई म्हणून. सासू काय मनातलं वळखणारी देवी हाय का?"

गल्लीत बांगड्या भरायला येणाऱ्या खाला दारात टोपली टेकवून थोडा वेळ बघायच्या आणि निकाल देऊन जायच्या, "सासू बी खराब न्हाई, सून बी खराब न्हाई. लिहिणाराच खराब हाय."

मला विचारलं तर मी आईलाही "हाव" म्हणायचे आणि आत्याबाईंनाही. सगळ्यांना आपलं हो.

त्या वर्षी श्रावण जवळ आला आणि मालिकेतही पंचमी आली. आमच्याकडं लेकीला पंचमीला माहेरी न्यायला मुराळी येतो, म्हणजे बहुतेक भाऊच. मुराळी आल्याशिवाय सासरचे लेकीला धाडत नाहीत, तसं दिसायला बरं दिसत नाही. आणि सासरहून सांगावा आल्याशिवाय मुराळी निघत नाही, तेही बरं दिसत नाही. दरवर्षी माझा भाऊ यायचा. त्या वर्षी तो पुण्याकडं कंपनीत लागला होता आणि त्याला सुट्टी नव्हती. आईनं हे आत्याबाईंना कळवलं नाही. लाज वाटली असेल. सांगावा आला की काहीतरी बघू म्हणून ती तिकडं सांगाव्याची वाट बघत राहिली, आत्याबाई इकडं मुराळ्याची. दोघीही आपापल्या जागी रीतीनंच वागत होत्या.

मालिकेतली सून हिरव्या बांगड्या भरून उंबऱ्यावर बसली होती. तिचाही भाऊ आला नव्हता. ते रडणं त्यांनी कितीतरी भाग चालवलं.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून आईचा फोन स्पीकरवर लावला. आई तिकडून तावातावानं बोलली, "काय ती सासू म्हणावं! भाऊ आला न्हाई तर काय झालं? धाडावं की लेकराला. दगडाच्या काळजाची मेली!"

डाळ निवडणाऱ्या आत्याबाईंचा हात थांबला. त्या सूप उचलून आत गेल्या.

आई टीव्हीतल्या सासूबद्दलच बोलली होती. तसं मी स्वतःला सांगितलं. पण आत्याबाईंना ते सांगायला गेले तर उमरीचा विषय निघणार, आणि तोच काढायची मला धास्ती होती. त्यानंतर त्या मालिका बघायच्या, पण टीव्हीला झापायच्या नाहीत. मी रोज पंचमीचा झोका आठवायचे. आईच्या घरासमोरच्या कडुलिंबाला बांधलेला, दोर काचणारा.

मग एका रविवारी खाला आत्याबाईंना बांगड्या भरत होत्या. आत्याबाईंना वाचता येत नाही. पेपरची पुरवणी मीच वाचून दाखवते, तेवढी शाळा माझ्याकडं शिल्लक आहे. त्या दिवशी पुरवणीत आमच्याच मालिकेवर एका बाईंनी लिहिलं होतं. मी हौसेनं सुरू केलं आणि पुढं माझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी लिहिलं होतं, उंबऱ्यावर बसून रडणाऱ्या या नायिकेचं कौतुक आणखी किती दिवस करायचं? माहेरी जायचंय हे तिनं एकदाही, कुणालाही स्पष्ट सांगितलेलं नाही.

त्या बाई मला ओळखत नव्हत्या. तरी माझे कान तापले.

"पुन्ना वाच ते," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"बराबर लिहिलं बाईनं. मी काय येगळं म्हणत होते?" मग हात खालांच्या हातात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला जायाचंय का उमरीला?"

"हाव," मी म्हणाले. नेहमीचंच "हाव", पण या वेळी ते माझं स्वतःचं होतं.

"मग इतके दिवस गप कामून बसलीस?"

"दादाला सुट्टी न्हाई. मुराळी कोण येणार?"

खाला बांगडी चढवत म्हणाल्या, "तुम्हीच जाव की, भाभी. एसटीत बायांना अर्धं तिकीट हाय."

"सासू कुठं मुराळी असती का, खाला?"

"टीव्हीत न्हाई असत. मुरुडात असू द्या की!"

आत्याबाई हसल्या. मग जरा वेळानं मला म्हणाल्या, "पंचमीच्या लाह्या भाजून घे. इहीणबाईकडं मोकळ्या हातानं जाऊ का मी?"

उमरीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई दारात आली, मला बघून पायरी उतरली आणि मागं आत्याबाई दिसताच तिथंच थबकली.

"इहीणबाई! तुम्ही?"

"मी मुराळी. दगडाच्या काळजाची."

आईचा चेहरा पांढरा पडला. "अगं माय! ते मी टीव्हीतल्या..."

"ठाव हाय मला. आधी पाणी द्या, घसा वाळलाय."

त्या संध्याकाळी दोघी शेजारी बसून मालिका बघत होत्या. सून अजून उंबऱ्यावरच होती. आई म्हणाली, "गरीब लेकरू." आत्याबाई म्हणाल्या, "ऊठ की बाई आता." मी खाली, आईच्या गुडघ्याला पाठ टेकून बसले होते. माझ्या केसांत आईची बोटं होती. पडद्यावर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

पुढं ती मालिका एकाएकी बंद झाली. त्या सुनेला न्यायला कुणी आलं का, ते दाखवलंच नाही. आता दोघी आपापल्या घरी दुसरी मालिका बघतात, त्यातली सून म्हणे तोंडाळ आहे. मला मात्र जाहिराती लागल्या की तीच आठवते, बांगड्या भरून बसलेली, आणि लिंबाचा झोका आठवतो.

परवा मी आत्याबाईंना म्हणाले, "मला उमरीला जायाचंय."

"अगं, अजून आषाढ हाय की."

"हाय. पण सांगून ठेवायली."