दोघांचं टेबल

गल्लीत सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. कुणाच्या कमरेचं माप केव्हा वाढलं हे बाईंना ठाऊक असे, पण स्वतःचा नवरा जेवायला बसलेला त्यांनी फारसा पाहिला नव्हता. तो मोठ्या प्रवासी बोटीवर वाइन वाढायचा. सुटीवर घरी आला तरी ओट्याशी उभ्यानंच चार घास ढकलायचा. नोकरीची सवय, म्हणायचा. बाई शिलाई मशीनवरच्या चिंध्या बाजूला सारून तिथंच ताट ठेवत आणि बोटीच्या मालकांना शिव्या घालत जेवत.

तो निवृत्त झाल्यावर मुलीनं विचारलं, "आई, तुला काय हवंय?"

"तसल्याच बोटीवर जायचंय. गिऱ्हाईक म्हणून. आणि ह्यांनी माझ्यासमोर बसून अख्खं जेवण जेवायचं."

मुलीनं सहल ठरवली. बाईंनी स्वतःसाठी गडद निळा झगा शिवला. बोटीवरच्या बड्या रेस्टॉरंटमध्ये दोघांना काचेलगतचं टेबल मिळालं. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन येणार होती.

सूप संपेपर्यंत नवरा जागेवर होता. माशाबरोबर पांढरी वाइन आली आणि त्यानं वेटरच्या हातातून बाटली घेतली. "ओतून झालं की मनगट वळवायचं. असं. थेंब गळत नाही." आणि दाखवायला उभा राहिला.

"अहो, मासा गार होतोय."

"आलोच."

"जन्मभर हेच ऐकतेय."

"अगं, नवीन आहे तो. बाटलीचा गळा धरतोय."

"धरू दे. जावई आहे का तुमचा?"

तो बसला, दोन घास खाल्ले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं त्याला बोटीवरचाच माणूस समजून विचारलं, बदकाबरोबर काय चांगलं लागेल? नवरा पुन्हा उठला. किंचित वाकून, एक हात पाठीशी घेऊन बोलू लागला. बोलताना चेहरा कसा उजळला होता. हा चेहरा घरी कधीच आला नव्हता.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. इतकी वर्षं त्यांनी मालकांना, कप्तानाला, समुद्रालासुद्धा बोल लावले होते. ह्याला उभं कुणीच ठेवलं नव्हतं. ह्याला उभंच राहायचं होतं.

मांसाबरोबर लाल वाइन आली. बाईंनी घोट घेतला. आधी जीभ आक्रसली, मग मांसाचा घास घेतल्यावर तोंडात काहीतरी सुरेख झालं. ते सांगायला समोर कुणी नव्हतं, म्हणून त्या आणखीच भडकल्या.

त्यांनी वेटरला बोलावलं. "समोरची खुर्ची काढून टाका. इथे कुणी बसत नाही."

वेटर बिचकला. त्यानं खुर्चीची पाठ धरून ओढली, पाय फरशीवर करकरले. तो आवाज ऐकून नवरा शेजारचं टेबल सोडून लगबगीनं आला. "ओढायची नाही, उचलायची," असं म्हणत त्यानं खुर्ची अलगद उचलली, भिंतीशी नेऊन ठेवली आणि सवयीनं टेबलाशी येऊन उभा राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं.

"अगं, आता मी कुठे बसू?"

"मला काय विचारता? शेजारच्यांना विचारा. त्यांना आणखी काही हवं असेल."

बाईंनी त्याचं ताट स्वतःकडे ओढलं आणि त्याच्या वाटणीचं मांस कापायला घेतलं.