पणजोबांचं नाव

गेल्या पितृपक्षातली अष्टमी, ठरलेली दक्षिणा अकराशे एक रुपये, आणि हजर आम्ही तिघंच: गुरुजी, वडिलांचं श्राद्ध करणारे माझे हेब्बाळचे शेजारी आणि मदतीला बसलेला मी.

या गृहस्थांना मी चार वर्षं रोज पाहतो आहे. टीव्हीवर ड्रॅगनांची एक मालिका लागते, तिच्यातल्या राजघराण्याचा कल्पित इतिहास ते बाल्कनीत बसून तिसऱ्यांदा वाचत होते. पुस्तक सातशे पानांचं. आलेखाच्या कागदावर त्यांनी एकवीस राजांची वंशावळ काढली होती आणि जन्ममृत्यूची सालं पेन्सिलीनं ताडून पाहिली होती. "भाऊ भावाशी बोलेनासा झाला ना, तिथंच हे घराणं बुडालं बघा," हे त्यांनी मला निदान दहादा ऐकवलं असेल.

गुरुजींनी तीन पिंडांसाठी नावं विचारली. वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. पणजोबांपाशी ते अडले.

"स्वल्प थांबा," ते म्हणाले आणि छताकडे पाहत राहिले.

मी हळूच म्हटलं, "धारवाडला तुमच्या थोरल्या भावाला फोन करा की. त्यांना ठाऊक असेल."

"नऊ वर्षं बोललो नाही त्याच्याशी. आता एका नावासाठी बोलू?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या अण्णा, नुसतं पणजोबा म्हणा. चालतं."

"सरी, तसंच करू," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

जेवण होताच ते पुस्तक घेऊन बाल्कनीत गेले. गुरुजींना अकराशे एक पूर्ण पोचले. तिसरा पिंड कुणाला पोचला, ते मला सांगता येत नाही.