पहिल्या डब्याचा पत्ता

हेमलता चहा गाळत होती, तिचे पती सूर्यकांतराव दुसरा मोजा शोधत होते, तेवढ्यात दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरची कडी कुणीतरी जोरात वाजवली. दारात मराठी मंडळाचे सेक्रेटरी भाऊसाहेब, हातात भलामोठा डबा.

"थालीपीठं आहेत," ते आत न येताच म्हणाले. "शून्य माणसांना किती लागतात ते कळेना, म्हणून आमच्या हिनं बारा केली. करोल बागेतून निघालो तर ऑटोवाला विचारतो, 'जाना कहाँ है, बाऊजी?' मी काय सांगू? हे वाचा!"

त्यांच्या मोबाईलवर मेसेज होता : 'आपले नवे कुटुंब : देशमाने. माणसे : ०. पत्ता :' पुढे काहीच नाही.

हेमलतानं मेसेज दोनदा वाचला. बदली होऊन दिल्लीत आलेल्या घराला एक जुनं घर नेमून द्यायचं आणि पहिल्या सकाळचा डबा त्या जुन्या घरातून जायचा, ही मंडळाची रीत. वर्षानुवर्षं या जोड्या भाऊसाहेब तोंडीच लावत. हेमलता बी.एस्सी. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली, पण नवऱ्याच्या चार बदल्यांपायी चार नोकऱ्या सोडलेली. इतक्या वर्षांनी तिनं हौसेनं या जोड्यांचा प्रोग्राम लिहिला होता. देशमाने ही त्यातली पहिलीच जोडी. रविवारी आणखी अकरा घरं यायची होती.

"राहू दे आता," भाऊसाहेब म्हणाले. "आपलं तोंडीच बरं."

"आधी बसा तरी. चहा घ्या," म्हणत तिनं ओट्यावरच लॅपटॉप उघडला.

चहा निवायच्या आत चूक सापडली. प्रोग्राममध्ये नवं कुटुंब जिथं घडतं, त्या कन्स्ट्रक्टरची पहिली ओळ आडनावाची. दुसऱ्याच ओळीत ते कुटुंब यजमानाकडे, म्हणजे नेमलेल्या जुन्या घराकडे, धावत जाई, 'मी आलो, मला नोंदवून घ्या!' यजमानही तत्पर, नोंद झाली की लगेच मेसेज. पत्ता आणि माणसं मात्र त्याच्याही खालच्या ओळींत भरली जायची. अर्धवट घडलेलं कुटुंब तिनं दुसऱ्याच्या हाती देऊन टाकलं होतं.

एक मोजा घातलेले सूर्यकांतराव मागून डोकावले. "म्हणजे मंगलाष्टकं संपायच्या आत तू अंतरपाट काढलास! नवरदेव अजून मुंडावळ्या बांधतोय, अगं!"

"टोमणा आहे, पण बरोबर बोललात."

तिनं कन्स्ट्रक्टरमधून यजमानाला उचलून बाहेर काढलं. कुटुंबानं तिथं फक्त आपलं आपण पुरं व्हायचं. मग एक वेगळं फंक्शन लिहिलं : दोन्ही घरं पुरती तयार आहेत का बघायचं, असतील तरच दोन्हीकडे एकदम नोंद करायची, मेसेज सगळ्यात शेवटी. नवं घर घडवायचे बाकीचे रस्ते तिनं बंदच करून टाकले, नाहीतर उद्या घाईत तिच्याच हातून पुन्हा तेच व्हायचं. मुद्दाम पत्ता रिकामा ठेवून पाहिला. जोडी लावायला फंक्शननं साफ नकार दिला. मग तिनं देशमान्यांचा फॉर्म नव्यानं चालवला.

भाऊसाहेबांचा मोबाईल किणकिणला. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी वाचलं. "माणसे चार... अहो, हे तर तुमच्या मागच्याच ब्लॉकमध्ये! त्यांच्या दारावरूनच आलो की मी!"

"अच्छा, मग थालीपीठं गरम पोचतील," सूर्यकांतराव म्हणाले.

भाऊसाहेब हसत उठले, पण डबा उचलून दाराशीच घुटमळले. "हे जमलं. पण रविवारी अकरा घरं आहेत हो, हेमलताबाई."

हेमलतानं पदराला हात पुसले. "भाऊसाहेब, एकच मागते. रविवारच्या अकरा जोड्या याच प्रोग्रामनं लावू द्या."