तळ्यातले तीन खून

पेणच्या शाळेत शिकवता शिकवता मी एक रहस्यकादंबरी लिहिली. तळ्यात तीन माणसं बुडून मरतात आणि एक तरुण वनरक्षक खुन्याला शोधतो, अशी गोष्ट. छापायला देण्याआधी ती मी रोह्याच्या एका निवृत्त वनरक्षकांना वाचायला दिली.

आठवड्याने गेलो तर ते म्हणाले, "गुरुजी, लिवलंय झकास. पन मानूस मेला की पोलीस येतात. आमाला कोन इचारतंय? आमाला मेलेलं जनावर लागतं."

"म्हणजे तळ्यातल्या मृत्यूचा तपास तुम्ही कधी केलाच नाही?"

"केला ना. सात रानबदकं मेली व्हती. मासे मारायला कोनीतरी पान्यात औषध टाकलं व्हतं."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आनि खुनी तो डॉक्टर हाय. नवव्या पानावरच समजलं मला."

घरी येऊन मी तिन्ही माणसं जिवंत केली, डॉक्टरला सोडून दिलं आणि बदकं मारायला घेतली. माणसं मारताना मला काहीच वाटलं नव्हतं. पाचव्या बदकाशी मात्र हात अडला. दोन दिवस तसेच गेल्यावर मी वनरक्षकांना फोन केला.

"चारच मेली तर चालेल का?"

"चालंल की," ते म्हणाले. "पंचनाम्यात पन चारच लिवा म्हंजे झालं."