थोडक्यात बाई

आम्हाला सारांश शिकवणाऱ्या शेख बाईंना स्वतःला एकही गोष्ट थोडक्यात सांगता यायची नाही. वर्गात यायला उशीर झाला तर त्याचं कारण त्या रिक्षापासून सुरू करायच्या. रिक्षावाला कुठल्या गल्लीतून आला, त्याच्या मुलीचा दहावीचा निकाल काय लागला, मग सिडकोच्या वळणावर उसाची ट्रॉली कशी आडवी झाली, आणि ट्रॉलीवर बसलेल्या म्हातारीने सगळ्यांना ऊस कसा वाटला, इथपर्यंत सगळं येई. मग त्या घड्याळाकडे बघायच्या, दचकायच्या, आणि खडू उचलून म्हणायच्या, "चला. कालच्या पाठात काय होतं? थोडक्यात."

म्हणून त्यांचं नाव थोडक्यात बाई. हे नाव आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीने ठेवलेलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या पुंडलिकनगरातल्या आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. घरी उर्दू, वर्गात मराठी, आणि राग आला की दखनी. पण राग क्वचित यायचा आणि आला तरी तो ऐकायला आम्हाला गंमत वाटायची.

सातवीत पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं केलं. पाठ वाचून झाला होता. "रेणू, पाठ कशाबद्दल आहे?"

"पाण्याबद्दल," मी म्हणाले.

"पाणी हा विषय झाला. पाण्याचं काय?"

मी पाठातलं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. बाईंनी पुस्तक मिटायला लावलं. "लेखक एवढी दोन पानं पाण्याबद्दल बोलला. तो घरी जाताना तुला दारात अडवून एकच गोष्ट सांगणार असेल, तर काय सांगेल?"

मी बराच वेळ उभी राहिले. बाईंनी मला बसवलं नाही आणि दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. शेवटी मी म्हणाले, "पाणी सगळ्यांचं असतं, पण भरायला बायकाच जातात, असं."

"कशावरून?"

मी पुस्तक उघडून दोन वाक्यं दाखवली. "बस," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळालं की आम्ही दिवसभर खूश असायचो.

"त्याचं काय?" आणि "कशावरून?" हे दोन प्रश्न मग आमच्या वर्गात मैदानावरसुद्धा चालू लागले. कुणी म्हणालं, "आज डबा," की दुसरा म्हणायचा, "डब्याचं काय?"

काल गैरहजर असलेल्या मुलाला बाई पुढच्या बाकावर बसवायच्या. आम्ही कालचा पाठ त्याला सांगायचा आणि त्याला कळला नाही तर त्याने हात वर करायचा. त्याने हात वर केला की चूक सांगणाऱ्याची. "जो तिथं नव्हता त्याला सांगायचंय," त्या म्हणायच्या. "जो होता त्याच्यापुढं काय शहाणपणा दाखवता?" एखादं वाक्य जास्तीचं झालं तर त्या ते फळ्यावर लिहायच्या, हाताने झाकायच्या आणि विचारायच्या, "हे काढलं तर काही बिघडलं का?" नाही बिघडलं, तर पुसून टाकायच्या. सारांशात कुणी आपलं मत घातलं, तर म्हणायच्या, "तुझं मत मला पाहिजेच. पण ते वेगळ्या ताटात वाढ." गाईडमधून उतरवलेलं त्यांना पहिल्या ओळीतच कळायचं. त्या रागवायच्या नाहीत. वही परत देऊन म्हणायच्या, "हे त्यांचं झालं. आता तुझं आण."

सहलीला आम्ही वेरूळला गेलो तेव्हा बाकीचे सर मुलांना भराभर सगळी लेणी दाखवत होते. बाईंनी आम्हाला कैलास लेण्यात एकाच शिल्पासमोर बसवलं. खाली रावण डोंगर हलवतोय आणि वर शंकर-पार्वती बसलेत. "यात काय चाललंय ते बघा. बोलू नका," एवढं सांगून त्या स्वतः मात्र शेजारच्या चौकीदाराशी त्याच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिल्या. नंतर विचारलं तेव्हा मुलं म्हणाली, रावणाची ताकद. काही म्हणाली, शंकराची ताकद. माझी मैत्रीण शबाना म्हणाली, "बाई, पार्वतीनं हात धरलाय बघा शंकराचा. मला वाटतं, घाबरल्यावर आपण कुणाचा तरी हात धरतो, ते दाखवलंय."

"कशावरून?"

"दासी पळतीये. सगळं हलतंय. पण तो हात घट्ट आहे."

बाईंनी तिन्ही उत्तरांपैकी कुठलंच चूक म्हटलं नाही. पण परतीच्या बसमध्ये त्यांनी शबानाला खिडकीची जागा दिली.

त्याच वर्षी शहरात मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली. फोनवर रोज नवीन व्हिडिओ यायचे. आमच्या आयांनी आम्हाला एकटं दुकानात पाठवणं बंद केलं. अशातच एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक माणूस बसलेला दिसला. धोतर, डोक्याला मळका रुमाल, पायाशी गोणी. सुटीत त्याने एका लहान मुलीला जवळ बोलावून काही तरी विचारलं. मुलगी घाबरून पळाली. समोरच्या टपरीवरच्या कुणी तरी ते पाहिलं, आणि पाहता पाहता माणसं जमली. कुणी त्याचा रुमाल ओढला, कुणी गोणीला लाथ मारली.

आमचा वर्ग फाटकाच्या बाजूला होता. बाई शिकवायचं थांबून खिडकीशी गेल्या, आणि पुढच्या क्षणी त्या बाहेर होत्या. शिपाईमामांनी फाटक थोडं उघडलं, बाईंनी त्या माणसाला दंडाला धरून आत ओढलं आणि मामांनी फाटक लावून घेतलं. मुख्याध्यापक पोलिसांना फोन लावत होते. बाहेर लोक फाटक हलवत होते. तो आवाज मला आजही आठवतो.

बाईंनी त्या माणसाला आमच्या खिडकीखालच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्याशी बोलायला लागल्या. रोज बोलतात तशाच. गाव कुठलं, पाऊस कसा झाला, मका लावला का कापूस, घरी कोण कोण. बाहेर एवढा गोंधळ, आणि बाई त्याला मक्याचं विचारतायत, हे बघून आम्हाला काही कळेना. हळूहळू त्याला बोलता यायला लागलं.

"पिशोरकडचा हाय जी मी. बहीण इथं असती. घराला कुलूप व्हतं. भाची या शाळंत हाय म्हणून बसलो. शेंगा आणल्या तिच्यासाठी."

"भाचीचं नाव?"

"शीतल. पाचवीत हाय."

शीतल त्या दिवशी शाळेत आली नव्हती, म्हणून त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं. बाईंनी शीतलच्या आईला फोन लावला, दोन शब्द बोलल्या आणि फाटकाशी गेल्या. एवढ्या माणसांसमोर त्या आता किती वेळ बोलतील, असं आम्हाला वाटलं. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"हे आपल्या पाचवीतल्या शीतलचे मामा. तिला ताप आहे, तिची आई तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. ती निघालीये."

एक तरुण माणूस फोन पुढे करून म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत नाय. हा व्हिडिओ बघा, आपल्याच भागातला हाय."

"कशावरून?"

"सगळ्यांना आलाय."

"मागं दुकानांच्या पाट्या दिसतात ना? वाच एखादी."

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. "ही आपली भाषा नाय."

"मग आपला भाग कसा?"

त्याने फोन खिशात घातला. मागचे दोघं-तिघं ओरडत होते, पण पुढचे गप्प झाले, आणि फाटकावरचे हात एकेक करून खाली आले. तेवढ्यात शीतलची आई रिक्षातून उतरली. आत आली, भावाचा फाटलेला सदरा बघितला आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसून रडायला लागली. पोलीस आले तेव्हा गर्दी पांगली होती. शिपाईमामांनी सांडलेल्या शेंगा गोळा करून दिल्या. त्या माणसाने त्यातल्या मूठभर बाईंना दिल्या आणि बाईंनी त्या तिथेच उभ्यानं सोलून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला आदल्या दिवशीचा प्रसंग लिहायला सांगितला. जवळपास सगळ्यांनी लिहिलं की आमच्या बाई फार धीराच्या आहेत. बाईंनी ते वाचलं. "मी यात आहे," त्या म्हणाल्या, "पण हे माझ्याबद्दल नाही. काल त्या माणसाला सगळ्यांनी पाहिलं. विचारलं कुणी?" कुणीच हात वर केला नाही. "मग पुन्हा लिहा. आणि आज घरी जेवताना वाचून दाखवा." माझे पप्पा गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला होते. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला आणि मला ते पुन्हा वाचायला लावलं.

मी कॉलेजात होते तेव्हा पप्पा आजारी पडले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला आणि काकांना आत बोलावून बराच वेळ समजावलं. आई बाहेर बाकावर बसली होती. काका म्हणाले, "वहिनींना एवढ्यात काही सांगू नकोस." पण आईने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला एकदम वाटलं, ही आत नव्हती. हिला सांगायलाच हवं. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "आई, पप्पांचा आजार पसरलाय. आता तो बरा होणार नाही, पण त्यांना दुखू नये म्हणून औषधं देतायत. आपण त्यांना घरी न्यायचंय."

आईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं केलंस. सगळे नुसतं गोल गोल बोलत होते." आणि तिने माझा हात धरला.

पप्पा गेल्यानंतर मात्र आईचं बोलणं बंद झालं. भेटायला येणारे तिला धीर द्यायचे आणि ती मान हलवायची. जेवण तर जवळजवळ सुटलंच होतं. मी बाईंना फोन केला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. आल्यावर पप्पांचं नावसुद्धा काढलं नाही. आईसमोर खाली बसल्या आणि सुरू झाल्या. नळाचं पाणी, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेने केलेला पुलाव. रोज दुपारी यायच्या आणि रोज तेच. आई ऐकते की नाही, हेही कळायचं नाही. मला वाटलं, बाईंना बोलावून मी आईचा त्रास वाढवला.

एका दुपारी बाई येसराची आमटी कशी करायची ते सांगत होत्या. मध्येच आई म्हणाली, "बाई, त्यात दही नसतं घालत."

बाई थांबल्या. "मग काय घालतात?"

आईने सांगायला सुरुवात केली. येसराचा मसाला कसा भाजायचा, किती भाजायचा, तिची सासू कशी करायची, पप्पांना कशी लागायची. पप्पांचं नाव आलं आणि ती रडायला लागली, आणि रडतच पुढचं सांगत राहिली. एरवी कुणाला बोलू न देणाऱ्या बाई संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या रात्री आई माझ्याबरोबर जेवायला बसली.

पुढे बाईंच्या मुलाने त्यांना नांदेडला न्यायचं ठरवलं. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. गाडी आली, सामान चढलं, बाई खिडकीशी बसल्या आणि त्यांनी आईला आपल्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. वरातीची बस भलत्याच गावात गेली होती आणि त्या गावातही त्या दिवशी लग्न होतं. मांडववाल्यांनी नवरदेवाला उतरवून घेतलं आणि शरबत दिलं. तेवढ्यात गाडी हलली. आई खिडकीचा गज धरून थोडं चालली, मग गज सुटला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

आम्ही रिक्षाने घरी आलो. आईने चपला काढल्या, डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेली. गाडी जालन्याला पोचायच्या आत तिचा फोन वाजला. आईने तो कानाला लावला, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"हां बाई," ती म्हणाली, "शरबत दिलं. मग?"