काकांचं ‘थांब’

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या प्रेसखात्याच्या फोरमनकाकांचा. तालुक्याच्या गावातून पदवी घेऊन ठाण्याला आलो, तेव्हा वर्तकनगरमधल्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी मला वर्षभर ठेवून घेतलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. कोलशेतच्या कारखान्यात मला चिकटवलं तेही काकांनीच.

नव्वदीची सुरुवात होती. माणूस ‘थांब’ म्हणाला की पत्रा दाबणारा प्रेस आपोआप बंद व्हावा, असं उपकरण बनवायचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यातल्या माझ्या शांत खोलीत संगणक प्रत्येकाचं ‘थांब’ ओळखायचा. खात्यातल्या धडधडाटात गोंधळायचा. ती धडधड गाळायची युक्ती जमली, तरी खरी अडचण राहिलीच. घाबरलेला माणूस वेगळाच ओरडतो, आणि तसा आवाज माझ्याकडे एकही नव्हता.

चालू प्रेसजवळ तो शब्द थट्टेतही उच्चारायचा नाही, असा खात्याचा नियम होता. ऐकताच सगळ्यांचे पाय प्रेसच्या पेडलवरून उचलले जात. त्यामुळे माझ्या माइकसमोरही कामगार तो हळूच म्हणत, लाजल्यासारखा.

“काका, जोरात म्हणा ना. घाबरल्यासारखं.”

“अरे, घाबरल्याशिवाय कसं घाबरू? तुझं यंत्र म्हणजे नवा जावई. गोड बोललं तरच ऐकतंय!”

सगळे हसले. मीही हसलो. पण आठवड्याभरात साहेबांना उपकरण दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एका हातमोज्यात चिंध्या कोंबल्या. ऑपरेटर पत्रा उचलायला वाकला, तेव्हा तो मोजा प्रेसखाली सरकवला आणि टेप सुरू केला. काकांना लांबून फक्त हातमोजा दिसला.

“थांब!”

सगळं खातं थांबलं. काका धावत आले, मोजा उचलून बघत राहिले.

“कुणाचा मोजा राहिला असेल,” मी म्हणालो.

“आणि मला हात दिसला रे,” ते म्हणाले. “माझी नजर गेली.”

उपकरण चाललं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. काकांनी मात्र महिन्याभरात स्टोअरमध्ये बदली मागून घेतली.

पुढे डोंबिवलीत माझं घर झालं. पण मिक्सर सुरू झाला की त्या घरघरीखालून ते ‘थांब’ ऐकू येतं आणि माझा पाय आपसूक उचलला जातो.

परवा काकांकडे गेलो होतो. काकू म्हणाल्या, “नौपाड्यात रस्ता ओलांडायचा तरी यांना माझा हात लागतो. डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत, यांचाच त्यांच्यावर भरवसा नाही.” काका खाली बघून हसले. घरी येऊन मी लिहिलं:

‘तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार.

तो मोजा कुणाचा राहिला नव्हता. मी चिंध्या भरून ठेवला होता, तुमचा आवाज मिळावा म्हणून. हातासारखा दिसावा असाच ठेवला होता. तुमची नजर चुकली नाही, मी खोटं बोललो. सोबत त्या ‘थांब’ची कॅसेट आहे, ठेवा किंवा मोडून टाका. रविवारी येतो. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी एकदा, कुणाचाही हात न धरता, रस्ता ओलांडून बघा.

तुमच्या घरी राहिलेला.’