नव्या पाटीचं प्लास्टिक आणि माझी जुनी पाटी

चौसाळ्याच्या फाट्यावरची पाटी, लिंबागणेशकडं वळणारा बाण, शाळेपुढचं 'वाहने हळू चालवा'. हे सगळं मी माझ्या हातानं रंगवलंय. कुणी शिकवलं न्हाई.

मित्रांनो, आज सकाळी नव्या बायपासवर गेलतो. रस्ता उद्या सुरू होणार, तोवर तिथल्या पाट्या काळ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवल्यात. एकीचं प्लास्टिक वर सारून पाहिलं. चूक शोधायलाच गेलतो. अक्षरांतलं अंतर तपासलं, काना-वेलांटी तपासली. एकबी चूक सापडली न्हाई. मोबाईलची बत्ती मारली, तर अक्षरं लखलखली. लई जळलो. माझा 'ळ' इतका गोल कधीच आला न्हाई.

मागून सुपरवायझर आला. "काय पेंटर, नवी नवरी चोरून बघताय?"

"आमच्या फाट्यावरच्या पाटीचं काय करणार?"

"उद्यापासून गाड्या बायपासनं जाणार, तिचा बाण चुकीचा. हेच प्लास्टिक काढून तिला गुंडाळायचं. तुमीच गुंडाळा की, पैसे देतो."

तुमच्यापैकी कुणी केलं असतं का हो हे काम? नवीच्या अंगावरून उतरलेलं प्लास्टिक माझ्या पाटीला माझ्याच हातानं बांधायचं. मी सरळ न्हाई म्हणालो. देत होता चारशे रुपये.